मतपत्रिकेवर नाव येईपर्यंत : स्कॉटलंडची कौन्सिल निवडणूक बाईने लढवायची तर

स्कॉटलंडमध्ये महिला राखीव प्रभाग हा प्रकारच नाही. महाराष्ट्रातून तिथे गेलेल्या बायकांना हे आधी खरं वाटत नाही. आपल्याकडे २०११ पासून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा बायकांच्या. सोडत निघते, प्रभाग राखीव होतो आणि पक्षाला नाइलाजाने का होईना, बाई शोधावी लागते. तिकडे सोडत नाही, चक्रानुक्रम नाही. समानतेचा २०१० चा कायदा लंडनच्या संसदेच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे एडिनबरामधली स्कॉटिश संसद निवडणुकीत आरक्षण आणू म्हणाली तरी आणू शकत नाही. पक्षांना मात्र त्याच कायद्याने मुभा आहे : एखाद्या जागेसाठी फक्त बायकांतूनच उमेदवार निवडायचा, किंवा यादीत एक बाई एक पुरुष अशी गुंफण करायची. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातल्या ‘स्त्री’ शब्दाचा अर्थ जैविक लिंगावर बांधला, तेव्हापासून अशा यादीत कोण बसतं हेही त्या निकालाशी ताडून पाहावं लागतं. पण मुभा म्हणजे सक्ती नाही. पक्षाच्या मनात असेल तर होतं, नसेल तर राहतं.

म्हणून आकडे सरकतात, पण गोगलगायीसारखे. कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेवर, निवडून आलेल्यांत बायका २०१७ मध्ये सुमारे २९ टक्के होत्या, २०२२ मध्ये ३५ टक्क्यांच्या आसपास. २०१७ ला वेस्टर्न आइल्सच्या कौन्सिलवर ३१ जागा होत्या आणि ३१ ही पुरुष आले. स्कॉटिश संसदेचं चित्र बरं : २०२१ मध्ये १२९ पैकी ५८ बायका. त्याच वर्षी कौकब स्टुअर्ट आणि पाम गोसल या पहिल्या दोन बिगर-गोऱ्या बायका तिथे पोचल्या. संसद १९९९ ची, म्हणजे त्यालाही २२ वर्षं लागली.

पुढची कौन्सिल निवडणूक मे २०२७ मध्ये आहे. पक्षांतली निवड त्याच्या कितीतरी आधी उरकते. मतदार बाईला पाडतात असा एक समज असतो. आमचं मत सरळ आहे : मतदारापर्यंत पोचायच्या आधीच बहुतेक बायका गळालेल्या असतात. कुठे आणि कशा, तेच खाली मांडलं आहे.

उभं कोण राहू शकतं? वय १८ पूर्ण हवं. ब्रिटिश, आयरिश किंवा कॉमनवेल्थ देशाचं नागरिकत्व चालतं, म्हणजे भारतीय पासपोर्ट ही अडचण नाही. इतर देशांच्या नागरिकांसाठीही दार २०२० पासून टप्प्याटप्प्याने उघडलं. कायमस्वरूपी राहण्याचा परवाना असेल तर प्रश्नच नाही, आणि २०२५ च्या कायद्याने मुदतीच्या व्हिसावर असलेल्यांनाही उभं राहण्याचा हक्क दिला. फक्त लढण्याचा हक्क आणि निवडून आल्यावर ते काम करायची व्हिसाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीबद्दल इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा, पत्रकं छापून झाल्यावर नको. शिवाय त्या कौन्सिलच्या हद्दीशी नातं दाखवावं लागतं : तिथल्या मतदार यादीत नाव, किंवा आधीचे पूर्ण १२ महिने तिथे राहणं, किंवा तेवढाच काळ तिथे मुख्य नोकरी-धंदा, किंवा तेवढाच काळ मालक अथवा भाडेकरू म्हणून तिथली जागा ताब्यात असणं. चारपैकी एक पुरतं, पण लागू असतील तेवढी सगळी अर्जात लिहावीत. एकावर हरकत आली तर दुसरं उभं राहतं. कौन्सिलच्याच नोकरीत असलेल्या बाईला, उदाहरणार्थ शाळेतल्या शिक्षिकेला, लढता येतं. निवडून आली की नोकरी सोडावी लागते. वरच्या काही राजकीय निर्बंधाच्या पदांवर असेल तर लढताही येत नाही.

आता पक्ष. हायलँड्समध्ये आणि बेटांवर अपक्षांची जुनी परंपरा आहे आणि तिथे अपक्ष लढणं हा गंभीर पर्याय असतो. बाकी बहुतेक ठिकाणी पक्षाशिवाय अवघड. तिकीट मागण्याआधी ठरावीक काळ सदस्य असावं लागतं, आणि हा काळ पक्षागणिक वेगळा. इथे पहिली गळती होते. मनात आलं, सदस्य झाली, आणि मुदत चार आठवड्यांनी हुकली म्हणून पाच वर्षं थांबली, असं सहज होतं. त्यामुळे लढायचं नक्की नसलं तरी सदस्यत्व आधी घेऊन ठेवावं.

त्यानंतर छाननी. लेखी अर्ज, मुलाखत, कधी भाषण किंवा पत्रकाचा मसुदा करून दाखवायचा सराव. आणि समाजमाध्यमांची झाडाझडती. दहा वर्षांपूर्वी रागाच्या भरात टाकलेली एक ओळ इथे बाहेर येते. पुसून टाकण्यापेक्षा आधीच सांगून टाकणं शहाणपणाचं, कारण पुसलेल्याचे स्क्रीनशॉट विरोधकांकडे असतात आणि सांगितलेल्याची फार तर चर्चा होते. अर्जात बायका स्वतःला कमी लिहितात. शाळेच्या पालक समितीचं हिशेबाचं काम, इमारतीच्या छपरासाठी बारा घरमालकांना एकत्र आणणं, फूड बँकेचा आठवड्याचा रतीब सांभाळणं : या गोष्टी ‘अनुभव’ या रकान्यात टाकायच्या, ‘छंद’ या रकान्यात नाही. कौन्सिलरचं काम तेच असतं. एंजेंडर आणि इलेक्ट हर यांच्यासारख्या संस्थांनी या टप्प्यासाठी साहित्य आणि कार्यशाळा तयार केल्या आहेत. इलेक्ट हर कोणत्याही पक्षाच्या किंवा पक्ष न ठरलेल्या बाईला घेते.

छाननीत पास होणं सोपं, प्रभाग मिळणं कठीण. सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

३२ कौन्सिलं, आणि २००७ पासून मतदान पसंतीक्रमाने. प्रभाग बहुसदस्यीय : बहुतेक ठिकाणी तीन किंवा चार जागांचे, काही बेटांवर कमी. ‘चार सदस्यांचा प्रभाग’ म्हटलं की पुण्या-नाशकाच्या माणसाला वाटतं अ, ब, क, ड अशा चार जागा आणि प्रत्येकाला चार मतं. तसं नाही. मत एकच, पण त्यावर १, २, ३ असे क्रम. आपल्याकडे विधान परिषदेला आमदार जसं मतदान करतात आणि टीव्हीवर ‘पहिल्या पसंतीचा कोटा’ म्हणून जो काथ्याकूट चालतो, तीच ही पद्धत. फरक इतकाच की स्कॉटलंडमध्ये ती रस्त्यावरच्या सोळा वर्षांच्या मुलापासून सगळ्यांना लागू आहे.

कोटा, म्हणजे निवडून यायला पुरतात तेवढी मतं, काढायची रीत अशी : वैध मतं भागिले (जागा अधिक एक), पूर्णांक घ्यायचा, त्यात एक मिळवायचा. तीन जागा आणि ४,८०० वैध मतं असतील तर ४,८०० भागिले ४ म्हणजे १,२००, अधिक एक. कोटा १,२०१.

आता तुम्हाला देऊ केलेला प्रभाग तपासा. गेल्या निवडणुकीत तुमच्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांची पहिल्या पसंतीची मतं जोडा आणि कोट्याने भागा. उत्तर १.७ किंवा १.८ आलं तर दोन उमेदवार निवडून यायची खरी शक्यता आहे. १.१ आलं तर एकच येणार आणि दुसरं नाव शोभेचं. ०.५ आलं तर इतर पक्षांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर तगावं लागेल. मतमोजणी यंत्राने होत असल्यामुळे प्रत्येक कौन्सिल प्रभागनिहाय टप्प्याटप्प्याचे निकाल प्रसिद्ध करते, शिवाय कोणाच्या मतपत्रिकांवर पुढची पसंती कोणाला होती त्याचे तक्तेही मिळतात. संध्याकाळच्या दोन तासांत हा हिशेब होतो, आणि तो केलेली बाई पक्षाच्या बैठकीत वेगळीच बोलते.

कारण पक्षात ‘कागदी उमेदवार’ नावाची जात असते. प्रभाग रिकामा दिसू नये म्हणून नाव टाकायचं, प्रचार करायचा नाही. पक्षाने महिला उमेदवारांची टक्केवारी वाढवल्याचं मोठ्या आवाजात सांगितलं की पहिला प्रश्न हाच विचारावा : यातल्या किती जणी पक्षाची मतं १.५ कोट्यांच्या वर असलेल्या प्रभागात आहेत? कागदी उमेदवारी वाईटच असते असं नाही. काही जणींना अनुभव म्हणून ती पुरते, आणि क्वचित लाट आली की कागदी उमेदवारही निवडून येतात. मग दुसऱ्या दिवशी पाळणाघर, नोकरी, सगळं नव्याने जुळवावं लागतं. पण आपण कागदी आहोत की खऱ्या, हे सही करण्याआधी कळायला हवं. सरळ विचारावं : या प्रभागात किती पत्रकं छापणार? दारोदार किती फेऱ्या? या दोन आकड्यांत उत्तर असतं.

दुसरी गोची विद्यमान कौन्सिलरची. तीन जागांच्या प्रभागात पक्षाला एकच माणूस उभा करायचा असेल तर तो बहुधा आधीपासून बसलेला असतो आणि बहुधा पुरुष असतो. जिथे दोन उभे करतात तिथे दुसरी जागा बाईला, हा नियम काही पक्षांत लेखी आहे, काहींत नुसता बोलण्यात. म्हणून पक्षाने ‘एकच उभा करू, मतं फुटायला नकोत’ म्हटलं की त्याचा थेट फटका बाईला बसतो. खरं तर पसंतीक्रमात मतं तशी फुटत नाहीत. मतदाराने दोघांनाही क्रम दिला तर एकाचं मत दुसऱ्याकडे जातं. गळती होते ती मतदार एकालाच क्रम देऊन थांबतो तेव्हा. पण ‘फुटतात’ हा शब्द बैठकीत चालून जातो, कारण हिशेब कुणी केलेला नसतो.

तिसरी गोष्ट आडनाव. हसू नका. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या वर्णक्रमाने येतात, पक्षाप्रमाणे एकत्र नाहीत. मतदार वरून खाली वाचतो, पक्षाचं पहिलं नाव दिसलं की तिथे १ टाकतो, खाली दुसरं दिसलं तर २. त्यामुळे एकाच पक्षाच्या दोघांत वर्णक्रमाने वरचा असतो तो बहुतेक वेळा पुढे राहतो. रोमन लिपीत आपटे, भोसले, चव्हाण यांचं नशीब फळफळतं. शिंदे, वैद्य, वाघ यांना खाली वाट बघावी लागते. पाटील मधोमध, मॅकडोनल्ड आणि मॅकेन्झी यांच्या गर्दीच्या थोडं खाली. यासाठी आडनाव बनवता येत नाही. पण खरोखर वापरात असलेलं नाव, समजा नोकरीत चालू असलेलं माहेरचं आडनाव, अर्जात ‘नेहमी वापरात असलेलं नाव’ म्हणून देता येतं आणि ते मतपत्रिकेवर लागतं. लोक तुम्हाला ज्या नावाने ओळखतात तेच तिथे असावं, हा त्याचा मुख्य फायदा.

प्रभाग ठरला की शाखेतल्या सदस्यांचं मतदान. प्रत्यक्ष मत देणारे थोडेच असतात, त्यामुळे दहा फोन इथे हजार पत्रकांच्या बरोबरीचे. सदस्यांसमोरच्या भाषणात एक स्थानिक प्रश्न पुरता धरावा : बस क्रमांक, बंद पडणारी लायब्ररी, शाळेसमोरचा क्रॉसिंग. ‘मुलांचं कसं करणार?’ हा प्रश्न आता उघडपणे विचारला जात नाही, पण ‘वेळ देता येईल ना?’ या रूपात येतोच. त्यावर खुलासे देत बसू नये. आठवड्याचे तास सांगावेत आणि पुढे जावं. शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या बापाला कुणी विचारलेलं नसतं, ही गोष्ट सभेचे अध्यक्ष जाणते असतील तर तेच लक्षात आणून देतात.

अर्ज भरणं त्यामानाने किरकोळ, तरी त्यात पडणारी माणसं आहेत. कौन्सिलसाठी अनामत रक्कम नाही. स्कॉटिश संसदेच्या जागेसाठी ५०० पौंड लागतात, ते ५ टक्के मतं मिळाली तर परत. डझनभर सूचक-अनुमोदकांच्या सह्याही नकोत; तुमची सही आणि साक्षीदार. मुदत मिनिटाची असते : २०२२ मध्ये ३० मार्चला दुपारी ४ ला दार बंद झालं, मतदान ५ मेला होतं. चुका ठरलेल्या आहेत. पक्षाचं वर्णन नोंदणीत जसं आहे तसंच्या तसं लिहावं लागतं, एक शब्द इकडचा तिकडे चालत नाही. पक्षाच्या नामनिर्देशन अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र सोबत हवं, आणि ते शेवटच्या सकाळी टपालात अडकलेलं असतं. निवडणूक कार्यालय मसुदा आधी तपासून देतं, ही सोय जरूर वापरा. आठवडाभर आधी गेलात तर चूक दुरुस्त होते. शेवटच्या दिवशी साडेतीनला गेलात तर ती अर्जासोबत दाखल होते.

एक बारीक बाब, पण बायकांच्या दृष्टीने मोठी. घरचा पत्ता जाहीर होऊ नये असं अर्जात मागता येतं. मागा. मात्र निवडणूक एजंटच्या कार्यालयाचा पत्ता जाहीर होतो. पैसे वाचवायला किंवा माणूस मिळेना म्हणून स्वतःच स्वतःच्या एजंट झालात आणि कार्यालय म्हणून घर लिहिलंत, तर पुढच्या दाराने लपवलेला पत्ता मागच्या दाराने सूचनाफलकावर लागतो. एजंट पक्षातली दुसरी जाणती व्यक्ती असावी, पत्ता पक्ष कार्यालयाचा. पत्रकावर छापणारा आणि प्रसिद्ध करणारा यांची नावं-पत्ते लागतात. तिथे पोस्ट बॉक्सचा पत्ता चालतो. ही ओळ राहिली तर गठ्ठाच्या गठ्ठा बाद, आणि आता ऑनलाइन जाहिरातींनाही ती लागते.

खर्चाला मर्यादा आहे : एक ठरावीक रक्कम अधिक प्रत्येक मतदारामागे काही पेन्स. २० पौंड आणि वरच्या प्रत्येक खर्चाची पावती, आणि निवडणुकीनंतर ३५ दिवसांत हिशेब. काहीही खर्च नसला तरी शून्याचा हिशेब द्यावाच लागतो. कागदी उमेदवार हमखास इथे विसरतात आणि कायद्याच्या कचाट्यात येतात. अपंगत्वामुळे येणारा जादा खर्च, जसं की सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा टॅक्सी, मर्यादेत धरत नाहीत, आणि त्यासाठी २०१६ पासून इन्क्लूजन स्कॉटलंड ही संस्था एक निधी चालवते. पाळणाघरासाठी असा निधी नाही. प्रचाराच्या संध्याकाळी मुलं कोण सांभाळणार, हे प्रत्येकीला आपापलं बघावं लागतं, आणि दुसरी मोठी गळती इथे आहे.

आता रस्त्यावर. स्कॉटलंडमधली पत्रपेटी ही स्वतंत्र विद्या आहे. दारातली फट कधी घोट्याच्या उंचीवर, आत दोन ब्रश, त्यामागे स्प्रिंगचं झाकण, आणि त्यामागे आवाज न करणारा कुत्रा. बोटं आत घालायची नाहीत. लाकडी कलथा घ्यायचा, पत्रक त्याच्यावर आडवं दुमडून ठेवायचं आणि कलथ्यानेच आत ढकलायचं. कलथा हाताच्या पंजापेक्षा लांब हवा आणि टोकाला सपाट, सिलिकॉनचा वाकतो. ग्लासगोच्या जुन्या दगडी इमारतींत सामाईक जिन्याला ‘क्लोज’ म्हणतात, खाली बझरची पाटी. काही इमारतींत दार उघडणारं ‘सर्व्हिस’चं बटण सकाळी चालतं आणि दुपारनंतर बंद होतं, म्हणून जिन्यांची पत्रकं सकाळी आणि बंगलीवजा घरांची संध्याकाळी. वरच्या मजल्यापासून सुरुवात करून खाली यायचं, गुडघे वाचतात.

दारावर दोघी-दोघींनी जायचं, एक जण बोलते, दुसरी फाटकाशी थांबून नोंद करते. कुणाच्या घरात शिरायचं नाही, चहा कितीही आग्रहाचा असो. फेरी संपायची वेळ घरी किंवा गटात कळवलेली असावी. मार्चअखेर घड्याळं पुढे गेली की एप्रिलमध्ये रात्री आठपर्यंत उजेड असतो, तोच खरा हंगाम. पण मुदत मतदानाच्या दिवसाची धरू नये. टपाली मतपत्रिका त्याच्या बऱ्याच आधी घरी पोचतात आणि पुष्कळ लोक त्याच आठवड्यात मत पाठवून मोकळे होतात. तुमचं मुख्य पत्रक त्याआधी पडलं पाहिजे.

दारात तीन गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. कौन्सिलच्या मतदानाला फोटो ओळखपत्र लागत नाही. लंडनच्या संसदेसाठी लागतं, म्हणून लोक गोंधळतात आणि पासपोर्ट नाही म्हणून घरी बसतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मत आहे. भारतीय विद्यार्थ्यांनाही, वैध व्हिसा आणि यादीत नाव असेल तर. आणि फुली नाही, आकडे. कौन्सिलला जवळपास २ टक्के मतपत्रिका बाद होतात. सगळ्यात मोठं कारण एकच : दोन नावांपुढे १, किंवा दोन फुल्या. पत्रकावर मतपत्रिकेचं चित्र छापून त्यावर १ आणि २ लिहून दाखवणं हे भाषणापेक्षा जास्त कामाचं. तुमच्या भागात मराठी, पंजाबी किंवा उर्दू बोलणाऱ्या आज्या असतील तर तेच त्यांच्या भाषेत दारातच दाखवावं.

शिवीगाळ येते, ऑनलाइन जास्त. प्रचाराचं खातं स्वतः वाचू नये. दुसऱ्या कुणाकडे पासवर्ड द्यावा आणि तीन ढीग करायला सांगावे : उत्तर द्यायचं, दुर्लक्ष करायचं, पुरावा म्हणून तारखेसह जतन करून पोलिसांकडे द्यायचं. तिसऱ्या ढिगातलं आधी पुसून मग तक्रार करायला जाणं ही नेहमीची चूक.

पक्षाचे दोघे उभे असतील तर शेवटच्या पंधरा दिवसांत प्रभाग वाटून घ्यायचा असतो. रेल्वे रुळाच्या अलीकडे ‘१ आपटे, २ वाघ’, पलीकडे ‘१ वाघ, २ आपटे’. नावं आपल्या सोयीची घेतली आहेत : आपटे जुने कौन्सिलर, वाघ नव्या. हे न केल्याने काय होतं ते वरच्याच ४,८०० मतांवर पाहू. समजा वाटप झालं नाही आणि आपट्यांना १,५००, वाघांना ६४०, दुसऱ्या पक्षाला १,१५०, तिसऱ्याला ९००, चौथ्याला ६१० मिळाली. आपटे निवडून आले, अतिरिक्त मतं २९९. ही २९९ कुठून उचलायची? सगळ्या १,५०० मतपत्रिका पुढे जातात, पण प्रत्येकीची किंमत २९९ भागिले १,५००, म्हणजे ०.१९९३३, पाच दशांशांवर तोडलेली. त्यातल्या १,२०० वर पुढचा क्रम वाघांना असेल तर त्यांना सुमारे २३९ मिळतात, बेरीज ८७९. दुसऱ्या पक्षाच्या वाट्याला १५० मतपत्रिका, म्हणजे ३० मतं. तिसऱ्याच्या ९०, म्हणजे १८. उरलेल्या ६० वर पुढे कुणालाच क्रम नाही. आता सर्वांत कमी असलेला चौथा बाद होतो. त्याच्या ६१० पैकी १०० दुसऱ्या पक्षाला, २०० तिसऱ्याला, १८० वाघांना जातात, १३० तिथेच संपतात. दुसरा १,२८० वर पोचून निवडून येतो. तिसरा १,११८, वाघ १,०५९. दुसऱ्याची उरलेली अतिरिक्त मतं शंभराच्याही आत असल्यामुळे ती बहुतांश वाघांकडे वळली नाहीत तर शेवटची जागा गेली.

तेच २,१४० वाटपाने १,०७० आणि १,०७० असे पडले असते, तर पहिल्या फेरीत कुणीच कोट्यावर नाही. चौथा बाद. त्याच्या १८० पैकी ९०-९० दोघांना, म्हणजे १,१६० प्रत्येकी. दुसरा पक्ष १,२५० वर निवडून आला, त्याची अतिरिक्त मतं जेमतेम ४९. तिसरा १,१०० वर. ती ४९ पूर्ण त्यालाच मिळाली तरी १,१४९. तो मागे पडतो, म्हणून कोटा न गाठताही आपटे आणि वाघ दोघे आत. एकही मतदार न वाढवता.

हा हिशेब जुन्या कौन्सिलरांना पटवणं हे मतदाराला पटवण्यापेक्षा अवघड जातं. त्यांना पहिल्या पसंतीचा मोठा आकडा हवा असतो, सुरक्षित वाटावं म्हणून. ही बोलणी पत्रक छपाईच्या आधी, एजंटसमोर आणि नकाशावर रेघ मारून व्हावीत. तोंडी ठरलेली वाटणी शेवटच्या आठवड्यात ‘सगळीकडे मला १’ अशी घरंगळते.

मोजणी दुसऱ्या दिवशी, यंत्रावर. गठ्ठे मोजून अंदाज बांधायची सवय असलेल्यांना इथे हातात काही नसतं. शंकास्पद मतपत्रिका पडद्यावर येतात आणि अधिकारी निर्णय देतो. तिथे तुमचा प्रतिनिधी डोळे उघडे ठेवून बसलेला हवा. अस्पष्ट १ हा ७ वाटतो, यावर जागा फिरल्या नाहीत तरी घाम फुटतो.

निवडून आल्यावर पद स्वीकारल्याचं घोषणापत्र दोन महिन्यांच्या आत सही करून द्यायचं. मूळ मानधन वर्षाला २५ हजार पौंडांच्या आसपास, आणि ‘अर्धवेळ’ म्हटलेलं काम अर्धवेळ नसतं. मद्य परवाना मंडळावर नेमणूक झाली तर तीन महिन्यांत प्रशिक्षण पुरं करावं लागतं, तोवर तिथे मत देता येत नाही. अंतराचा अंदाज आधी घ्या : हायलँड कौन्सिलचं क्षेत्र २५ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठं. संसदेत हेच दुखणं आणखी वाढतं. अगदी उत्तरेकडच्या केथनेसच्या आमदार गेल रॉस यांनी २०२१ ला पुन्हा उभं न राहण्याचं कारण लहान मुलापासून दूर राहावं लागणं हेच दिलं होतं, आणि उपप्रथममंत्री असताना केट फोर्ब्स यांनीही २०२५ मध्ये मुलाबाळांचंच कारण देऊन पुढची निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं.

बाळंतपणाच्या रजेबद्दल एक कलम पाठ असावं. कौन्सिलर सलग सहा महिने एकाही बैठकीला गेली नाही तर तिची जागा आपोआप रिकामी होते, १९७३ च्या कायद्याने. गैरहजेरीचं कारण कौन्सिलने मंजूर केलं तर जागा राहते, पण तो ठराव सहा महिने भरायच्या आत व्हावा लागतो. कौन्सिलांच्या संघटनेने, म्हणजे कोस्लाने, २०१९ मध्ये कौटुंबिक रजेची मार्गदर्शिका काढली आहे. ती आपल्या कौन्सिलने स्वीकारली आहे का, हे पहिल्याच आठवड्यात लोकशाही सेवा विभागाला ईमेलने विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं. ऑनलाइन हजेरी हजेरी धरतात का, हेही त्याच ईमेलमध्ये.